'हां' म्हणायला माणूस हवं

किस्से आपण गोळा करत नाही हो, ते आपोआप साठतात. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात जुन्या प्रश्नपत्रिका साठतात ना, तसे. कोणी मुद्दाम ठेवत नाही, कोणी काढतही नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळं अंगावर! अलीकडं आमच्याकडं जे साठलंय, ते सगळं त्या एआयचं. चहाला बसून सांगायला लागले की ऐकणारे पोट धरून हसतात. मीपण हसते. मग स्कूटीवरून जुळे सोलापूरला घरी जाताना सिग्नलला थांबलं की उगाच गलबलून येतं. हसायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आधी मंडळी सांगते. आमच्या कॉलेजचं एक संशोधन त्रैमासिक आहे. छोटंसंच. संपादक बिराजदार सर, समाजशास्त्राचे. ते निवृत्त झाले, पण अंकानं काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं राग आला की कन्नडमध्ये पुटपुटतात. त्यांना नेमका कशाचा राग येतो ते आम्हाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही! दुसरे शेख सर, हिंदीचे, शुक्रवार पेठेत राहतात. आवाज असा भरदार, की हजेरी घेतली तरी पोरं कान देऊन ऐकतात. तिसरी मी. मराठी शिकवते आणि फटकळ आहे, असं लोक म्हणतात. लोकांना काय, खरं बोललेलं चालत नाही.

आणि चौथी अंबिका येमुल. आमच्याकडं तासिका तत्त्वावर शिकवते, अंकाची टपाल-ईमेलची सगळी कामं बघते. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू. तिच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. अंबिकानं विडी कामगार बायकांच्या मुलाखती घेऊन एक लेख लिहायला घेतला होता आणि त्यातली पहिली मुलाखत आईची होती. मुलाखत झाली, आणि नंतर काही महिन्यांनी आई गेली.

तेव्हापासून या पोरीचं एकच. "मॅडम, आईला कधी शाळा बघायला मिळाली नाही. पण तिचं बोलणं छापून येणार की! अंक आला की पहिली प्रत तिच्या फोटोपुढं."

एवढं लक्षात ठेवा.

*

आमच्या अंकाची एक रीत आहे, तीपण सांगितली पाहिजे. लेख मंजूर झाला तरी तो लगेच प्रेसला जात नाही. आधी वाचनाला बसतो. लेखकानं स्वतः वाचायचं नाही, शेख सर मोठ्यानं वाचतात. कोणाचं बोलणं अवतरणचिन्हात आलं, की ते थांबतात. मग त्या माणसाला जो प्रत्यक्ष भेटलाय त्यानं म्हणायचं, "हां." म्हणजे हे त्याच्याच तोंडचं आहे. 'हां' आलं नाही तर बिराजदार सर लाल पेननं ते वाक्य उडवतात. मग तो लेख कुलगुरूंचा का असेना!

ही रीत कशी पडली? फार पूर्वी एका लेखात ऊसतोड करणारी बाई म्हणाली होती, "मी अत्यंत व्यथित झाले."

सरांनी लेखकाला विचारलं, "बाई असं म्हणाली?"

तो म्हणाला, "अर्थ तोच होता, सर."

सर म्हणाले, "अर्थ तुझा. अवतरण तिचं."

आम्ही तेव्हा हसलो होतो. सर जरा जास्तच करतात, असंही मी घरी येऊन म्हटलं होतं.

*

एआयचा पहिला प्रसाद आम्हाला करकंबच्या आठवडी बाजारातून मिळाला. लेखक एक तरुण प्राध्यापक, गाव करकंब, आमच्याच कोरड्या जिल्ह्यातलं, आणि विषय 'करकंबच्या आठवडी बाजाराचे अर्थकारण'. मी म्हटलं, वा! स्वतःच्या गावावर लिहिणारं कोणीतरी भेटलं एकदाचं.

शेख सर वाचायला लागले. भाषा अशी गुळगुळीत, की डोळे घसरावेत. आणि तिसऱ्या पानावर काय, तर या बाजारात नारळ, काजू आणि सुकी मासळी यांची मोठी उलाढाल होते!

बिराजदार सर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले.

शेख सरांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "क्या प्रोफेसरसाब, करकंब तुमचंच गाव ना?"

"व्हय की सर."

"बाजाराला कधी गेलाय का?"

"म्हंजे काय! लहानपणापास्नं जातोय. आमची आजी कांदं घेऊन बसायची तितं."

"मग बाजारात काजू कुठून आला?"

मग तो पोरगा अगदी खरंखरं विचारल्यासारखा म्हणाला, "सर, पण आपल्या डोळ्यानं बघितलेलं संशोधनात चालतंय व्हय?"

शेख सरांनी फोन ठेवला. आम्ही खूप हसलो. पण त्याला असं कोणी शिकवलं? आम्हीच की! 'संदर्भ काय, संदर्भ काय' करून पोरांना इतकं भंडावून सोडलं, की आजीचे कांदे त्याला लिहिण्यासारखे वाटेनात. अजून त्याची आजी डोक्यात आली की मला वाईट वाटतं.

त्या दिवसापासून शेख सरांनी एआयला नाव ठेवलं, 'उस्ताद'. लेख फारच गुळगुळीत लागला की ते मान हलवतात, "मॅडम, इसमें उस्ताद का हाथ है."

*

मग एक दिवस उस्तादांनी खुद्द बिराजदार सरांनाच हात घातला.

यंत्रमागाच्या धंद्यावर एक लेख आला होता. मागं संदर्भांची ही लांबलचक यादी, आणि यादीत बिराजदार सरांचं पुस्तक! 'मागावरचं सोलापूर'. पान नंबरसकट.

सर म्हणाले, "असं पुस्तक मी लिहिलेलं नाही."

शेख सर म्हणाले, "याद करो सर. जवानी में लिखा होगा."

तुम्हाला खोटं वाटेल, पण सर घरी गेले आणि त्यांनी सगळं कपाट उपसलं. हे आम्हाला त्यांच्या बायकोनंच सांगितलं. त्या मला भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, "अहो, जमिनीवर बसून पुस्तकं काढत होते. मी म्हटलं, काय शोधताय? तर म्हणतात, माझंच एक पुस्तक. मी म्हटलं, लिहिलं असेल की, विसरला असाल! इतकं लिहीत असता."

दुसऱ्या दिवशी सर आले. मी जरा चिडवायला म्हणून विचारलं, "काय सर, सापडलं का पुस्तक?"

"नाही सापडलं," सर म्हणाले. मग चहाचा कप फिरवत बसले. "पण मॅडम, नाव चांगलंय की री. मला लिहायचं होतं हे. खरंच लिहायचं होतं. दर सुट्टीत म्हणायचो, या वेळी बसायचंच. लोकांचे लेख तपासण्यातच सगळ्या सुट्ट्या गेल्या."

शेख सरांनी आणखी एक चहा सांगितला. सरांनी तो संदर्भ लाल पेननं खोडला खरा, पण नेहमी फराटा मारतात तसा मारला नाही. हळूच एक रेघ ओढली.

*

आता माझी पाळी. एका कॉलेजातल्या मराठीच्याच बाई, नाव नाही सांगत. माझ्या चांगल्या ओळखीच्या, पूर्वी एकत्र पेपर तपासायला बसायचो. त्यांनी लेख पाठवला. मी वाचायला घेतला तर काय! ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. 'समीक्षा' चुकलेलं, 'कविता'सुद्धा चुकलेलं. माझं डोकंच फिरलं. एम.ए.च्या पोरांना शिकवतात या!

फोन केला. "अगं, हे काय पाठवलंस? तब्येत बरी आहे ना?"

तर ती खुदकन हसली. म्हणाली, "मुद्दाम घातल्यात त्या."

"काय घातलंस?"

"चुका. अगं, एआयनं लिहिलेलं कळतं म्हणे, फार शुद्ध असतं ना! मग मीच बसून चुका घातल्या. माणसाचं वाटावं म्हणून."

घ्या! उभ्या जन्मात पोरांच्या चुका काढल्या आम्ही दोघींनी. वह्याच्या वह्या लाल केल्या. आणि आता ही बया चुका पेरत बसलीय! मी तिला म्हटलं, "त्यापेक्षा अख्खा लेखच स्वतः लिहिला असतास तर चुका आपोआप झाल्या असत्या की!"

तिला राग आला. यंदा संक्रांतीला तिचा तिळगूळ आला नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिचं लग्नाआधीचं अक्षर माझ्या डोळ्यापुढं आहे, इतक्या सुंदर कविता उतरवून घ्यायची ती.

*

असं सगळं झाल्यावर बिराजदार सर म्हणाले, आता नियम पाहिजे. मग ठरलं, की लेखासोबत प्रत्येकानं प्रतिज्ञापत्र द्यायचं. एआय वापरलं का, कुठं वापरलं, कशासाठी वापरलं. वापरू नका असं आम्ही म्हणत नव्हतो. पण वापरलंत तर सांगा!

अंबिका रोज ईमेल बघायची. एक दिवस छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तोंड दाबून हसत होती. "सर, प्रतिज्ञापत्रं आली. वाचते हं."

पहिलं वाचलं, "मी विनम्रतापूर्वक प्रतिज्ञा करतो, की प्रस्तुत संशोधनकार्य हे माझ्या बौद्धिक परिश्रमांचे मौलिक फलित आहे."

दुसरं वाचलं, "मी विनम्रतापूर्वक प्रतिज्ञा करते, की प्रस्तुत संशोधनकार्य हे माझ्या बौद्धिक परिश्रमांचे..."

तिसरं तिनं उघडायच्या आधीच आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, "मौलिक फलित आहे!"

एआय वापरलं नाही, हे सांगायलासुद्धा सगळ्यांनी उस्तादलाच बसवलं होतं! शेख सर हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले.

शेवटचा कागद तेवढा वेगळा होता. त्यावर लिहिलं होतं, "मुलाखती मी स्वतः घेतल्या आणि टाईप केल्या. भाषा शुद्ध करायला एआयची मदत घेतली, कारण आपल्या नियमात शुद्ध भाषा मागितली आहे." खाली सही होती, अंबिका येमुल.

आमच्या अंकाच्या शेवटच्या पानावर खरंच तसा नियम आहे, सरांनीच घातलेला. 'लेखाची भाषा शुद्ध व प्रमाण असावी. अशुद्ध लेख परत पाठवले जातील.'

सरांनी तो कागद दोनदा वाचला. खूश झाले. "हौद री, बरोबर आहे! एक तरी माणूस खरं बोललं. याला म्हणायचं जबाबदारीनं वापरणं. हा कागद नमुना म्हणून सगळ्यांना पाठवा."

अंबिका लाजली. आणि आम्ही सगळ्यांना तो नमुना पाठवला.

*

परीक्षकांचं तर विचारूच नका. आमच्याकडं प्रत्येक लेख बाहेरच्या एका तज्ज्ञाकडं जातो. एका मोठ्या प्राध्यापकांकडं आम्ही पाण्याच्या प्रश्नावरचा लेख पाठवला. ते एरवी महिनोन्‌महिने लेख दाबून ठेवतात. या वेळी चहा थंड व्हायच्या आत अहवाल परत! 'लेखातील आलेख विशेष बोलके आहेत. तक्त्यांची मांडणी काटेकोर आहे.'

लेखात आलेख नव्हता हो. तक्ताही नव्हता!

मी फोन केला. "सर, अहवाल फार छान. लेख कसा वाटला?"

"उत्तम आहे की! म्हणूनच तर लिहिलं तसं."

"नाही, म्हणजे वाचताना कसा वाटला?"

तेव्हा ते वैतागले. "मॅडम, वाचायला वेळ कुठाय? कॉलेजला कमिटी येणारे. टाकला त्याच्यात आणि घेतला काढून."

मी हे येऊन सांगितलं तर शेख सर म्हणाले, "अच्छा है ना! लेख उस्ताद लिखते, उस्ताद तपासते. उद्या वाचायलाही उस्तादच बसतील. अपन काय करायचं? चाय पीना, और क्या!"

बिराजदार सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर आपलं वाचन सोडायचं नाही. 'हां' म्हणायला माणूस हवं."

आणि त्या अंकाच्या वाचनाची तारीख ठरली. त्या दिवशी अंबिकाचा लेख होता.

*

अंबिका त्या दिवशी इरकल नेसून आली होती. आईची. पदराला जरा तंबाखूचा वास होता, किंवा मला तसं वाटलं. सोबत पेढे होते. मी म्हटलं, "अगं, छापून तर येऊ दे!" तर म्हणाली, "आज शेख सर आईचं बोलणं वाचणार की, मॅडम."

शेख सरांनीही त्या दिवशी नेहमीपेक्षा नीट बसून चष्मा पुसला. प्रस्तावना वाचली. ती चांगली होती, तिची स्वतःची होती. मग आली पहिली मुलाखत. लक्ष्मीबाई येमुल, विडी कामगार, लेखिकेची आई.

शेख सरांनी आवाज लावला आणि वाचलं, "विडी वळणे हा माझ्यासाठी केवळ व्यवसाय नसून ती माझ्या कुटुंबाच्या उन्नतीची गुरुकिल्ली आहे."

रीतीप्रमाणं ते थांबले.

'हां' आलं नाही.

मी अंबिकाकडं बघितलं. ती शेख सरांच्या तोंडाकडं बघत होती. शेख सरांना वाटलं ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा वाचलं. मग पुढचं वाक्य वाचलं, "जीवनातील संघर्षाने मला सक्षम केले."

"थांबा, सर," अंबिका म्हणाली. "ही माझी आई न्हाय."

मग तीच बोलायला लागली, भराभरा. "मी स्क्रीनवर वाचलं होतं. तवा छान वाटलं होतं. वाटलं, शाळा शिकली असती तर आई अशीच बोलली असती. पण सरांच्या तोंडून ऐकलं आणि... ती असं कधीच बोलली नाही सर. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती, कात्रीनं पानं कापत होती, मधेच शेजारच्या अक्काला तेलुगूत ओरडली. मला म्हणाली, तो मोबाईल बाजूला ठेव आणि कुकर बंद कर आधी. ते सगळं होतं त्यात. मी सगळं टाईप केलं होतं."

मी म्हटलं, "अगं, मग त्यात काय एवढं? जुनं टाईप केलेलं काढ."

"त्याच फाईलमध्ये वरून पेस्ट केलं, मॅडम."

"रेकॉर्डिंग?"

"फोन भरला होता. टाईप झालंय की, म्हणून काढून टाकलं."

अगं बाई गं! माझ्या तोंडून एवढंच निघालं.

शेख सरांनी घाईघाईनं स्वतःचा फोन काढला. "अरे, उस्तादलाच सांगू की! जसं होतं तसं परत कर म्हणून." त्यांनी तिथं बसूनच ती वाक्यं टाकली आणि बोलीभाषेत करून मागितली. उस्तादांनी लगेच दिली. शेख सरांनी वाचली, "आवं बाय, काय सांगू तुमास्नी, ह्यो इडीचा धंदा म्हंजी माज्या लेकराबाळांचा आधार हाय बगा!"

कुठल्या तरी नाटकातली म्हातारी बोलल्यासारखं. पूर्व भागातली, तेलुगू घरातली लक्ष्मीबाई त्यात कुठं असणार? अंबिकानं नुसती मान हलवली. "ही पण न्हाय."

बिराजदार सर इतका वेळ टेबलाकडं बघत होते. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं. "अंबिका, तुला आठवेल तसं सांग. आई कशी म्हणायची? आम्ही तसं लिहून घेतो."

तिनं प्रयत्न केला हो. खरंच केला. "ती म्हणायची... पानं भिजवली की... न्हाय, आधी दोऱ्याचं काहीतरी म्हणाली होती..." मग थांबली. डोळे पुसले, त्याच इरकलीच्या पदरानं. "न्हाय सर. ते आता माझं झालं. तुमीच शिकवलंय की. अर्थ माझा, अवतरण तिचं."

शेख सर कळवळून म्हणाले, "लिखने दो ना, बेटा. माँ तुम्हारी है."

ती 'नको' म्हणाली. सर खिडकीकडं तोंड करून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. या वेळी त्यांना राग कशाचा आला होता, ते मात्र आम्हाला कळलं. पेढे तसेच राहिले.

*

त्यानंतर अंबिका पुन्हा त्या सगळ्या बायकांकडं गेली. सुट्टीच्या दिवशी, उन्हातान्हात, एकेकीच्या दारात. या वेळी रेकॉर्डिंग शेख सरांकडं दिलं, माझ्याकडं दिलं, लॅपटॉपवर ठेवलं. बायका तिच्यावर वैतागल्या. एकजण म्हणाली, "परत कशाला? तवा सांगितलं की सगळं! तुजी आई असती तर चांगली झापली असती तुला." अंबिका म्हणाली, "झापली असती. ते तरी रेकॉर्ड केलं असतं."

बापालाही विचारून झालं होतं तिचं. तो माणूस म्हणाला, "बोलायची की. लई बोलायची. काय बोलायची ते आता कसं सांगू?"

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलं, "आईचा भाग काढून टाक अंबिका. बाकीचा लेख उत्तम झालाय. कोणी विचारणार नाही." तिनं ऐकून घेतलं. मग रिक्षात बसली.

इकडं बिराजदार सरांनी अंकाच्या शेवटच्या पानावरचा तो शुद्ध भाषेचा नियम काढला. कोणाला सांगितलं नाही, प्रूफ आलं तेव्हा मला दिसलं.

मग अंबिकाच्या लेखाचं दुसरं वाचन ठरलं. अंक आधीच लांबला होता, प्रेसवाल्याचे फोन येत होते, पण सर म्हणाले, वाचन होणारच. त्याच टेबलाशी आम्ही चौघंच. अंबिका रोजच्या साध्या ड्रेसवर होती.

शेख सरांनी वाचायला घेतलं. या वेळी बायका बोलायला लागल्या तशा खोलीत माणसं आल्यासारखं झालं. "विडी बारीक झाली तर तो तपासनारा फेकतोय की तोंडावर, त्याचं काय जातंय?" अंबिका म्हणाली, "हां." "लेकीला शिकवलं, आता ती म्हनती आई तू नको येऊ कॉलेजात." "हां." एकीनं मधेच तेलुगूत सुनेला काहीतरी सुनावलं होतं, तेही तसंच लिहिलं होतं. शेख सरांनी अडखळत वाचलं, आणि अंबिका हसली. "हां, हां." बिराजदार सरांचं पेन एकदाही उचललं गेलं नाही.

मग शेवटचं पान आलं. शेख सरांनी वाचलं, "लक्ष्मीबाई येमुल, विडी कामगार, माझी आई."

आणि थांबले.

मी मान वाकडी करून बघितलं. कागदावर नावाखाली अवतरणचिन्ह सुरू झालं होतं आणि संपलं होतं. मधे कोरी जागा होती, चार-पाच ओळींची.

शेख सरांनी चष्मा वर करून बिराजदार सरांकडं बघितलं. एक पान नंबर नाही म्हणून अख्खा परिच्छेद उडवणारा माणूस तो. मला वाटलं, आता लाल पेन उचलतात.

"वाचा," सर म्हणाले.

शेख सरांनी कागद दोन्ही हातांत धरला. मान खाली घातली आणि त्या कोऱ्या ओळींवरून सावकाश नजर नेली, वाचताना नेतात तशी. पंखा फिरत होता. बाहेर पोरं गाड्या काढत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते गेले आणि रीतीप्रमाणं थांबले.

"हां," अंबिका म्हणाली.

सर म्हणाले, "पुढं."